वही सर्वांसमोर

विवाहाच्या पूर्वतयारीसाठी जी तरुण जोडपी माझ्याकडे येतात, त्यांच्याशी निष्ठेविषयी, अपत्यांच्या संगोपनाविषयी, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांविषयी बोलून झाले की शेवटी मी एक साधा प्रश्न विचारतो : तुमच्या घरखर्चाची वही कोण लिहिणार, आणि ती कोण कोण वाचणार? प्रश्नाचा पहिला भाग ऐकून मुलगी मुलाकडे पाहते आणि मुलगा हसतो. दुसरा भाग ऐकून मात्र दोघेही गप्प होतात. घरात हिशेब ठेवणारा एखादा तरी असतो. तो हिशेब सर्वांसमोर वाचला जावा, ही कल्पना मात्र आपल्या कुटुंबांना अजून परकी वाटते.

धर्मग्रामातील गृहभेटींच्या निमित्ताने गेली अनेक वर्षे मी वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या, शेतमजुरांच्या आणि लहान नोकरदारांच्या घरांत बसत आलो आहे. चहा होतो, प्रार्थना होते, आणि मग सुखदुःखाच्या गोष्टी निघतात. या गोष्टींतून मला एक चित्र वारंवार दिसते. घरातील पुरुषाच्या सदऱ्याच्या खिशात कृषी केंद्राच्या उधारीची चिठ्ठी असते. ती पत्नीने पाहिलेली नसते. पत्नीच्या डाळीच्या डब्यात घडी केलेल्या नोटा आणि ट्रंकेच्या तळाशी बचत गटाचे पासबुक असते; ते पतीला ठाऊक नसते. थोरल्या मुलाच्या मोबाइलमधून दोनशे-पाचशे रुपये केव्हा निघून जातात, ते त्याचे त्यालाही आठवत नाही. एकाच छपराखाली तीन तिजोऱ्या, आणि एकीची किल्ली दुसऱ्याजवळ नाही.

यात कोणी लबाड असते असे मुळीच नाही. घरच्यांना घोर लागू नये म्हणून पती कर्ज लपवतो. अडीअडचणीला हाताशी असावे म्हणून पत्नी बचत लपवते. दोघांचाही हेतू प्रेमाचाच असतो. परंतु दोन्ही बाजूंच्या प्रेमाने पाळलेल्या या मौनाची किंमत फार मोठी असू शकते.

ती किंमत आमच्या भागाने पाहिली आहे. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि आमचा वर्धा, असे ते सहा जिल्हे. त्या वर्षांत सांत्वनासाठी ज्या घरांत जाण्याचा प्रसंग आला, तिथे कपाळ उघडे पडलेल्या भगिनींच्या तोंडून एक वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकले : “मले काहीच माहीत नव्हतं, फादर. बँकवाले दारात आले, तवा कळलं.” अशा मृत्यूंची कारणे अनेक आहेत. कोरडवाहू शेती, पडलेले भाव, बुडालेले पीक, महागलेले बियाणे, चढते व्याज यांपैकी एकही कारण घरच्या वहीने नाहीसे होत नाही. पण जो माणूस हे सारे ओझे एकट्याच्या छातीवर ठेवून निजतो, त्याची रात्र निराळी. आणि ज्याच्या ओझ्याची मोजदाद घरातल्या चौघांनी मिळून केलेली आहे, त्याची रात्र निराळी. मला जे सांगायचे आहे ते एवढेच आहे.

शेतकऱ्याच्या घराचे अंदाजपत्रक हे पगारदाराच्या अंदाजपत्रकासारखे नसते, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. शहरातील वाचकाला महिन्याच्या पहिल्या तारखेला पैसा मिळतो. कास्तकाराच्या हाती तो वर्षातून दोन-तीनदा येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू होते आणि चुकारा हाती पडत पडत फेब्रुवारी-मार्च उजाडतो. मग तूर आणि हरभरा. खर्च मात्र बारा महिने चालूच असतो आणि त्याला स्वतःचे वेळापत्रक आहे. मृग नक्षत्र लागले की बियाणे आणि खत हवे, आणि नेमक्या त्याच जून महिन्यात शाळा उघडते. निंदण आणि डवरणी यांची मजुरी जुलै-ऑगस्टमध्ये द्यावी लागते. पोळ्याच्या सुमारास घरातील कणगी तळाला गेलेली असते आणि त्याच दिवसांत तापाची साथ येते. पैसा हिवाळ्यात येतो आणि गरज पावसाळ्यात लागते. या दोहोंमधल्या सहा महिन्यांच्या दरीवरच सावकाराचा संसार चालतो.

एका घराचा हिशेब आपण उदाहरणादाखल मांडून पाहू. घरात पाच माणसे आणि पाच एकर कोरडवाहू जमीन आहे असे समजा. तीन एकरांत कापूस आणि दोन एकरांत सोयाबीन. कापूस एकरी सहा क्विंटल आणि सोयाबीन एकरी पाच क्विंटल धरू. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये आणि सोयाबीनचा ५,३२८ रुपये जाहीर झाला. परंतु अडलेल्या माणसाला व्यापारी देईल तोच भाव घ्यावा लागतो, म्हणून आपण कापसाला ७,५०० आणि सोयाबीनला ४,५०० धरू. कापसाचे १,३५,००० आणि सोयाबीनचे ४५,००० मिळून १,८०,००० रुपये झाले. हा आकडा ऐकून शहरातील नातेवाईक म्हणतो, “तुमचे बरे चालले आहे.” पण कापसाला एकरी २५,००० आणि सोयाबीनला १५,००० रुपये लागवडखर्च धरला, तर १,०५,००० रुपये शेतातच परत गेले. उरले ७५,०००. दोघांनी इतरांच्या शेतात केलेल्या मजुरीचे ४०,००० धरा. केंद्र आणि राज्य यांच्या शेतकरी सन्मान योजनांचे मिळून वर्षाला १२,००० रुपये येतात. जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० प्रमाणे १८,००० रुपये घरच्या स्त्रीच्या खात्यात जमा होतात. सगळे मिळून वर्षाचे १,४५,००० झाले; म्हणजे महिन्याला सुमारे १२,००० आणि माणशी जेमतेम २,४०० रुपये.

याच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवू. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार भारताच्या ग्रामीण भागात दरमहा दरडोई सरासरी खर्च ४,१२२ रुपये होता, आणि त्यातला सुमारे ४७ टक्के अन्नावर होत होता. त्या आकड्यात घरच्या धान्याचीही किंमत लावून धरलेली असते, हे खरे. तरीही आपल्या उदाहरणातील कुटुंब त्या सरासरीच्या किती खाली आहे, हे उघड दिसते. अशा घराला “काटकसर करा” असा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. वहीचा उपयोग निराळा आहे. जूनमध्ये किती रुपये कमी पडणार, हे ती जानेवारीतच सांगते. जानेवारीत कळलेल्या तुटीसाठी बँकेचे दार ठोठावता येते. पीक कर्ज वेळेत फेडले तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत व्याजाचा भार पडत नाही. जूनच्या पहिल्या पावसात कळलेल्या तुटीसाठी मात्र सावकाराचे एकच दार उघडे असते. तिथे शेकडा तीन रुपये महिना हा दर बोलायला लहान वाटतो. वर्षाला तो छत्तीस टक्के होतो.

हिशेबाच्या या शिस्तीसाठी दूर कुठे जाण्याची आपल्याला गरज नाही. वर्धा शहरातच मगनवाडी आहे. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम तिथून चालत असे, आणि त्याचे मंत्री होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. ते १८९२ साली तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मले. लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास केलेला हा गृहस्थ मुंबईतील चालता व्यवसाय सोडून गांधीजींच्या कामात आला आणि वर्ध्याच्या धुळीत राहिला. ते आपल्या कॅथॉलिक पंथाचे नव्हते. पण तुरुंगात असताना त्यांनी येशूच्या शिकवणुकीवर एक पुस्तक लिहिले, आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवर दुसरे. दोन्ही १९४५ साली प्रसिद्ध झाली.

जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीच्या हिशेबाची जबाबदारी कुमारप्पांकडे होती. त्या वेळची एक गोष्ट कार्यकर्त्यांमध्ये आजही सांगितली जाते. स्वयंसेवकाच्या जेवणासाठी रोज तीन आणे ठरलेले होते. गांधीजी आपल्या मंडळींसह तिथे येणार असे कळल्यावर, त्यांचा खर्च पीडितांच्या निधीतून होणार नाही, तो तुम्ही निराळा करावा, असे कुमारप्पांनी स्पष्ट कळवले. गांधीजींना त्याचा राग आला नाही. उलट तो नियम त्यांना मान्य झाला. मला या गोष्टीत कुमारप्पांच्या करारीपणापेक्षा एक वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. घरातील सर्वांत आदरणीय माणसालाही वहीचा नियम लागू झाला, आणि त्यामुळे त्याचा आदर तसूभरही कमी झाला नाही. आपल्या घरांतील कर्त्या पुरुषांनी हे ध्यानात ठेवावे.

टिकाऊ अर्थव्यवस्थेवरील त्याच पुस्तकात कुमारप्पांनी निसर्गातील उदाहरणे घेऊन अर्थव्यवहाराच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. वाघ दुसऱ्याच्या जिवावर जगतो; माकड झाडाला काही न देता फळ घेते; पक्षी स्वतःच्या श्रमाने घरटे बांधतो; मधमाशी साऱ्या पोळ्यासाठी मध गोळा करते; आणि सर्वांत वरच्या पायरीवर पिलाला भरवणारी आई आहे, जी परतफेडीचा विचारच करत नाही. एकाच घरात या पाचही पायऱ्या आपल्याला दिसतात. वही समोर आली की कोण कोणत्या पायरीवर उभा आहे ते ज्याचे त्याला कळते. कोणी बोट दाखवण्याची आवश्यकता राहत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाने असे बसायचे ठरवले तेव्हा त्यांनी मलाही बोलावले. रात्रीची प्रार्थना झाल्यावर शाळेची एक जुनी वही घेतली. नववीत शिकणाऱ्या मुलीचे अक्षर चांगले, म्हणून लेखणी तिच्याकडे. बारा महिन्यांची बारा पाने. डाव्या बाजूला येणारे पैसे, उजव्या बाजूला जाणारे. उजव्या बाजूचे तीन भाग केले. पहिल्यात न चुकणारे खर्च : बियाणे, किराणा, शाळा, आजीची रक्तदाबाची गोळी, कर्जाचा हप्ता. दुसऱ्यात ठरवून करायचे : नाताळचे कपडे, लग्नाचे आहेर, मोबाइलचा रिचार्ज. तिसऱ्यात न सांगता येणारे, म्हणजे आजारपण किंवा बैलाचे काही बरेवाईट झाले तर. मुलगी लिहिता लिहिता थांबली आणि तिने सहज विचारले, “बाबा, खर्रा कोनत्या भागात लिहू?”

घरात शांतता पसरली. खर्ऱ्याविषयी परक्या प्रांतातील वाचकांसाठी सांगतो : सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा प्रकार आमच्याकडे प्रत्येक पानठेल्यावर मिळतो. आजीनेच मग कोंडी फोडली. “लिह, माह्या तंबाखूच्या खाली लिह,” असे ती म्हणाली आणि सगळे हसले. मुलीने गुणाकार केला. तीस रुपयांचा खर्रा, दिवसातून दोनदा. वर्षाचे २१,९०० रुपये. आईच्या खात्यात वर्षभरात येणाऱ्या १८,००० रुपयांपेक्षा हा आकडा मोठा निघाला. कोणी काही बोलले नाही. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, आणि तरीही कित्येक घरांतील वहीत जो खर्च कधीच लिहिला जात नाही तो दारूचाच असतो. त्या घरात सुदैवाने तो प्रश्न नव्हता. पण जिथे असेल, तिथेही वहीत एक ओळ लिहिण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

त्या रात्रीची बैठक गोडीने संपली असे मात्र समजू नका. खर्ऱ्यावर हसणारा बाप कृषी केंद्राची उधारी सांगायची वेळ आली तेव्हा खाली पाहू लागला. पत्नीला वाटत होते ती रक्कम वीस हजारांची आहे; ती निघाली चाळीस हजारांची आणि दोन वर्षांपूर्वीची. ती उठून चुलीपाशी गेली आणि बराच वेळ परतली नाही. नंतर येऊन तिने आपल्या बचत गटाचे पासबुक वहीवर ठेवले. “माहे बी हाय,” एवढेच ती म्हणाली. दोन्ही गुपिते एकाच रात्री उघडी झाली. पुढच्या महिन्यात गटाकडून कमी व्याजाचे कर्ज काढून उधारीचा अर्धा भाग त्यांनी फेडला. खर्रा सुटलेला नाही. दोनाचा एक झाला आहे. हे कुटुंब श्रीमंत झाले नाही, आणि गेल्या पावसाळ्यात त्यांचे सोयाबीन बुडाले तेव्हा वहीने ते वाचवले नाही. पण नुकसान किती झाले आणि आता कोणता खर्च पुढे ढकलायचा, हे त्या घरातील चौदा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक होते. बापाला ते एकट्याने गिळावे लागले नाही.

अशा वह्यांना मोठा इतिहास आहे. जपानमध्ये हानी मोतोको या ख्रिस्ती पत्रकार स्त्रीने १९०४ साली गृहिणींसाठी घरहिशेबाची छापील वही काढली. खर्च झाल्यावर नोंदायचा एवढेच तिचे सांगणे नव्हते, तर प्रत्येक बाबीसाठी किती खर्च करायचा हे आधीच ठरवायचे. आणि ती पद्धत शंभर वर्षांनंतरही तिथे टिकून आहे. आपल्याकडे वसईत १९१८ साली मोन्सेन्यॉर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिकांची सहकारी बँक उभी राहिली. थेंबे थेंबे तळे साचते, हे वसईकर कष्टकऱ्यांनी तिथे प्रत्यक्ष करून दाखवले. पण बँकेत जाणारा थेंब आधी घरातून निघावा लागतो, आणि घरातून तो केव्हा निघू शकेल हे घरच्या वहीलाच माहीत असते.

सेमिनरीत असताना लूकच्या शुभवर्तमानातील मनोरा बांधणाऱ्या माणसाचा दृष्टान्त आम्ही ग्रीक पाठावरून अभ्यासला होता. तो माणूस आधी खाली बसतो आणि मग खर्चाचा अंदाज घेतो. तिथे मोजण्यासाठी जे क्रियापद आले आहे, त्याच्या मुळाशी खडा असा अर्थ आहे. खडे मांडून मोजणे. आमच्या खेड्यांतील म्हाताऱ्या बाया मजुरीचे दिवस अजून असेच मोजतात. त्यांना ग्रीक येत नाही, पण हिशेबासाठी आधी बसावे लागते हे त्यांना पक्के ठाऊक आहे. उभ्याने, घाईत, दारात आलेल्या वसुलीदारासमोर केलेला हिशेब हा हिशेब नव्हे.

आणखी एक गंमत सांगतो. १९८३ च्या कॅनन कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात अर्थव्यवहार समिती असणे आवश्यक केले, आणि श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब त्यांना द्यावा असेही सांगितले. त्याप्रमाणे आम्ही वर्षाचा जमाखर्च मिस्सानंतर वाचून दाखवतो. त्या दिवशी कोणी लवकर घरी जात नाही! मेणबत्त्यांवर इतके का लागले, विजेचे बिल कसे वाढले, असे प्रश्न येतात, आणि ते यायलाच हवेत. मी त्या मंडळींना एवढेच म्हणतो की बंधूंनो, देवळाच्या मेणबत्त्यांचा हिशेब तुम्ही हक्काने मागता. तोच हक्क तुमच्या पत्नीला आणि मुलांना तुमच्या घरात आहे का?

मुलांना यातून लांब ठेवावे, त्यांच्या कोवळ्या मनावर भार नको, असे काही पालक म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. घरात काही तरी बिघडले आहे हे मुलांना आवाजावरून कळतेच. किती बिघडले आहे ते न कळल्याने ती अधिक घाबरतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आकडा कळतो, आणि आकडा कळला की भीतीला काठ येतो. “पैसे नाहीत” असे ऐकत वाढलेले मूल आणि “या महिन्यात चारशे कमी आहेत, मार्चमध्ये घेऊ” असे ऐकत वाढलेले मूल, यांच्यात पुढे फार अंतर पडते.

आगमनकाळ येतो तेव्हा आमच्याकडे कापसाचा पहिला चुकारा घरोघर येऊ लागलेला असतो. नाताळची खरेदी अजून व्हायची असते आणि उधारी मागणारेही दारात उभे राहिलेले नसतात. वर्षभरातील एवढे चार आठवडे पैसा आणि सवड दोन्ही घरात असतात. त्यांतील एका रविवारी संध्याकाळी घरातील सर्वांनी एकत्र बसावे. आजीला बोलवावे, मुलांना बोलवावे, मोबाइल बाजूला ठेवावे. पहिल्या पानावर घरावर असलेले सगळे कर्ज लिहावे, ज्याने घेतले त्यानेच सांगून. त्या पहिल्या पानाला वेळ लागेल. कदाचित त्या संध्याकाळी तेवढेच लिहून होईल. उरलेली पाने दुसऱ्या रविवारी लिहिता येतील.